वाघ्याच्या फासळ्या

प्रिय मित्रा,

तुझे चार फोन मी उचलले नाहीत, मेसेजला नुसता अंगठा दाखवला, आणि शेवटी तू हिला फोन करून "तो जिवंत आहे ना?" असं विचारलंस, ते सगळं कळलं. जिवंत आहे. वाघ्याही आहे. पण गेले तीन आठवडे जे चाललं होतं ते फोनवर सांगणं जमलं नसतं. सांगायला लागलो की माझा आवाज चढतो आणि ही उठून आतल्या खोलीचं दार लावून घेते. म्हणून आज निवांत बसून लिहितोय. शिव्या गाळून लिहायचा प्रयत्न करतो.

एका मंगळवारी सकाळी साडेदहाला बेल वाजली. दारात गणवेशातला माणूस, छातीवर बिल्ला, हातात क्लिपबोर्ड. अ‍ॅनिमल कंट्रोलमधून, म्हणजे प्राण्यांबद्दलच्या तक्रारी बघणाऱ्या खात्यातून आलोय म्हणाले. "तुमच्याकडे कुत्र्याला उपाशी ठेवतात अशी तक्रार आहे."

मला हसू आलं. खरंच आलं. ज्या कुत्र्याचं प्रत्येक जेवण गेली तीन वर्षं मी काट्यावर तोलून देतो, ज्याच्यासाठी आम्ही दोघं एकत्र कुठे मुक्कामाला गेलेलो नाही, तो उपाशी! हसलो ती पहिली चूक. त्यांना ती बेफिकिरी वाटली असणार. दुसरी चूक लगेच केली. "कोणी केली तक्रार? नाव सांगा आधी" म्हणून ओरडलो. नाव ते सांगत नाहीत. सांगूही नये, हे आज मला पटतं. त्या दिवशी पटलं नव्हतं.

कर नाही त्याला डर कशाला, असं आपण किती सहज म्हणतो. मला डर वाटली रे. तळहात ओले झाले. गणवेशातला माणूस आपल्या अंगणात उभा राहून आपल्याच कुत्र्याकडे टक लावून बघायला लागला की आपल्यालाही आपलं कुत्रं त्याच्याच डोळ्यांनी दिसायला लागतं. मी वाघ्याला रोज बघतो, म्हणून मला तो दिसायचा बंद झाला होता. त्या सकाळी दिसला. बरगड्या मोजता येतील अशा. कमरेचं हाड वर आलेलं. अंगावरचे केस निस्तेज. नाव वाघ्या आणि अंगावर मांस नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आणि या गड्याने त्या दिवशी माझ्याविरुद्ध साक्ष द्यायचंच ठरवलं होतं. आधी साहेबांचे बूट हुंगले, मग त्यांच्या खिशापाशी नाक नेऊन कळवळून बघितलं, जणू आठ दिवस पोटात काही गेलेलं नाही. त्यांनी हात पुढे केला तर तो चाटून चाटून ओला केला. आणि मग, मित्रा, सगळ्यांच्या देखत कोपऱ्यात गेला आणि स्वतःचीच विष्ठा खायला लागला. मी "वाघ्या, नको!" म्हणून ओरडलो. साहेबांनी काही न बोलता पेन काढलं.

तुला त्याच्या आजाराचं मी वरवर सांगितलं होतं, आज नीट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्याच्या स्वादुपिंडात अन्न पचवणारे रस तयार होत नाहीत. डॉक्टर त्याला ईपीआय म्हणतात. जर्मन शेफर्डांत हे जास्त आढळतं. त्या ग्रंथीचं रस तयार करण्याचं काम जवळजवळ ९० टक्के बंद पडेपर्यंत बाहेर काही कळत नाही, आणि कळायला लागलं की झपाट्याने कळतं. खाल्लेलं सगळं तसंच बाहेर पडतं: ढीगभर, फिकट, तेलकट. शरीराला काही मिळत नाही, म्हणून भूक सतत पेटलेली. माती खा, कागद खा, विष्ठा खा. तीन वर्षांपूर्वी त्याचं वजन ३४ किलोवरून २४ वर आलं तेव्हा आम्ही आधी जंताचं औषध देत बसलो, मग खाणं वाढवलं, तरी तो वाळतच गेला. शेवटी उपाशीपोटी रक्त काढून टीएलआय नावाची तपासणी केली. स्वादुपिंडातल्या त्या रसाचा अंश रक्तात किती आहे ते तीत मोजतात, फारच कमी असला तर हाच आजार. त्याचा अगदीच कमी आला.

तेव्हापासून दोन्ही वेळच्या खाण्यात पाचक रसांची पावडर. ती ओल्या अन्नात पूर्ण मुरवून द्यावी लागते. कोरडी राहिली तर तोंड सोलवटतं. माझ्या उजव्या हाताच्या बोटांची सालं निघतात ती याच पावडरने, आणि डबा उघडताना तोंड फिरवलं नाही तर शिंकांवर शिंका. ब-१२ जीवनसत्त्वही या आजारात घटतं, म्हणून आधी आठवड्याला एक अशी सहा इंजेक्शनं, मग महिन्याने सातवं. इतकं करून तो ३० किलोपर्यंत चढला आणि तिथेच थांबला. काही कुत्र्यांचं वजन पूर्वीसारखं भरतच नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आता यातलं काय त्या साहेबांना अंगणात उभ्या उभ्या दिसणार? त्यांना दिसलं ते एवढंच: हाडं निघालेलं, हावरं, विष्ठा खाणारं कुत्रं आणि ओरडणारा मालक.

त्यांनी त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला. फार हळुवार फिरवला, हे मला तेव्हा बघवलं नाही, पण नोंदवून ठेवतो. कुत्र्याची अंगकाठी १ ते ९ अशा आकड्यांत मोजायची पद्धत आहे. ४ किंवा ५ म्हणजे उत्तम, ९ म्हणजे गोळा, १ म्हणजे नुसता सांगाडा. त्यांनी २ लिहिला. आमच्या डॉक्टरांनी नंतर ३ लिहिला. एका आकड्यावरून मी रात्रभर तळमळलो, मग लक्षात आलं की भांडण आकड्याचं नव्हतंच. कुत्रं किती वाळलंय हे आकडा सांगतो. का वाळलंय याच्यासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता.

मग पाणी. घरात त्याचं भांडं आहे, सकाळ-संध्याकाळ घासलेलं, भरलेलं. पण अंगणात नळाखाली एक जुनी बादली असते. तीत दोन पानं तरंगत होती आणि कडेला हिरवट बुळबुळीत थर धरला होता. त्यांनी तिचे तीन फोटो काढले. एक वरून, एक बाजूने, एक बोट आत घालून. आतलं भांडं दाखवतो म्हटलं तर ते म्हणाले, "हो, तेही बघू." बघितलं, फोटोही काढला. पण बादलीचे तीन आणि भांड्याचा एक, हे माझ्या डोक्यातून गेलं नाही. आणि खरं सांगू? बादलीचं मला उत्तर नव्हतं. वाघ्या तिच्यातलंही पाणी पितो. दुसऱ्या कोणाच्या अंगणात दिसली असती तर मीच नाक मुरडलं असतं.

सगळं झाल्यावर त्यांनी दोन कागद पुढे केले. पहिला नोटीस: दहा दिवसांत पशुवैद्याचं लेखी प्रमाणपत्र आणा, नाहीतर पुढील कारवाई, ज्यात प्राणी ताब्यात घेणंही आलं. दुसरा कागद त्यांनी जरा मऊ आवाजात दिला. "सांभाळणं जमत नसेल तर यावर सही करा, विषय इथेच संपेल." मी इतका सुन्न झालो होतो की पेन हातात घेतलं होतं. हिने तो कागद माझ्या हातातून ओढून घेतला आणि मोठ्याने वाचला. आम्ही स्वखुशीने कुत्रा कायमचा सोपवत आहोत, असा त्याचा अर्थ. ही एकच वाक्य बोलली: "आम्हाला जमतं." पहिल्या कागदावर "वरील नोंदी मान्य" असं छापलं होतं, ते खोडून तिने "प्रत मिळाली" एवढंच लिहायला लावलं. त्यांनी हरकत घेतली नाही. मी एकटा असतो तर वाघ्या त्या दिवशी गाडीत बसून गेला असता, आणि तो शेपूट हलवतच गेला असता.

(घरात येऊ द्यावं की नाही, काय दाखवावं लागतं आणि काय नाही, हे जिथल्या तिथल्या कायद्यावर असतं. मला काही माहीत नव्हतं. तू आपला वेळेत माहीत करून घे.)

त्या रात्री झोप कुठली. हेळसांड म्हणजे नेमकं काय ते वाचत बसलो. त्यात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांची यादी सापडली. ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रॅम्बेल समितीचा अहवाल आला होता, मुळात पाळीव गुराढोरांच्या हालांबद्दल. त्यातूनच पुढे १९७९ मध्ये ही यादी घडली. भूक-तहानेपासून मुक्ती, गैरसोयीपासून मुक्ती, वेदना-इजा-आजारापासून मुक्ती, स्वभावाप्रमाणे वागायची मोकळीक, भीती आणि ताणापासून मुक्ती. मी पहिल्याच ओळीशी अडलो. भुकेपासून मुक्ती. माझं कुत्रं दिवसाचे चोवीस तास भुकेलं असतं. मग तिसरी ओळ नीट वाचली. तिच्यात आजाराचं वेळेवर निदान आणि उपचार असं स्पष्ट आहे. पहाटे तीनला मी ही ओळ हिला उठवून वाचून दाखवली. ती म्हणाली, "मग वही काढ आणि झोप."

वही! तुला आठवतंय, तू तिला वाघ्याची कुंडली म्हणून हसायचास. निदान झालं त्या आठवड्यापासून मी तीत लिहितोय. तारीख, वजन, किती ग्रॅम खाणं, किती पावडर, शौच घट्ट की सैल. सैल असेल त्या दिवशी लाल टिंब. वहीचे कोपरे दुमडलेत, दोन पानांना तेलाचे डाग आहेत, एका पानावर वाघ्याच्या पंज्याचा चिखल आहे. एरवी कोणाला दाखवायलाही लाज वाटावी. त्या पहाटे ती उघडली आणि मीच चक्रावलो. दीड वर्ष २९ आणि ३० किलोमध्ये रेंगाळलेलं वजन गेल्या दोन महिन्यांत ३०.१ वरून २८.४ वर आलं होतं, आणि लाल टिंबं गोवर आल्यासारखी पानभर पसरली होती. खाणं तेच, पावडर तीच. मी टिंबं देत गेलो आणि कारण शोधायचं राहूनच गेलं. वही लिहीत होतो, वाचत नव्हतो. तो माणूस दारात आला नसता तर अजून किती दिवस मी नुसती टिंबंच देत बसलो असतो, कोण जाणे.

दुसऱ्या दिवसापासून मी एक हलकट काम सुरू केलं. पडद्याआड बसून कुंपणावर पाळत ठेवायला लागलो. तक्रार करणारा सापडला तर त्याला काय काय ऐकवायचं, ते मनात पाठ करत होतो. समोरच्या घरातल्या गृहस्थांवर माझा पक्का संशय होता, कारण मागे त्यांनी गाडी लावण्यावरून हुज्जत घातली होती. बाकी पुरावा शून्य. म्हणजे बघ, वरवर बघून निवाडा करणाऱ्यांवर मी चिडलो होतो आणि पडद्याआडून स्वतः तेच करत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी कुंपणापाशी एक मुलगा आला. आठ-नऊ वर्षांचा, पाठीला दप्तर. वाघ्या धावत गेला, दोन पायांवर उभा राहिला. मुलाने दप्तराच्या बाजूच्या कप्प्यातून बिस्किटं काढली आणि एकेक करून जाळीतून आत सरकवली. इतक्या सवयीने, की हे आजचं नव्हे हे लगेच कळलं. पावडरीशिवाय पोटात गेलेलं ते प्रत्येक बिस्किट म्हणजे दुसऱ्या दिवशीचं लाल टिंब.

मी तरातरा निघालो होतो. हिने दंड धरून मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः गेली. खिडकीतून मला नीट ऐकू येत नव्हतं. नंतर तिने सांगितलं. त्याला ती म्हणाली, याच्या पोटात अन्न पचवायचा रस तयार होत नाही, औषध मिसळून दिलं तरच पचतं, नाहीतर पोट बिघडतं. मुलगा बराच वेळ वाघ्याकडे बघत राहिला आणि त्याने विचारलं, "मग तो माझ्याकडे खोटं खोटं मागत होता?" ही म्हणाली, "नाही रे, भूक खरीच आहे त्याची."

त्याने घरी जाऊन कुत्रं उपाशी असल्याचं सांगितलं असेल आणि तिथून तक्रार गेली असेल, की तक्रार आणखी कोणी केली, मला माहीत नाही. शोधायचंही नाही. ज्याला तावातावाने ऐकवायचं म्हणून तीन दिवस शब्द जुळवले, तो त्या दप्तरवाल्याच्या घरचा निघाला तर ते सगळं मी कुठल्या तोंडाने बोलणार?

पुढचं थोडक्यात. डॉक्टरांकडे गेलो, वजन, रक्त, ब-१२ पुन्हा तपासलं. त्यांनी चार ओळींचं पत्र दिलं: आजाराचं नाव, निदानाची तारीख, चालू उपचार, आणि कुत्र्याची ही अंगकाठी आजारामुळे असून काळजी नियमित घेतली जात आहे. मी म्हटलं, जरा सविस्तर लिहा ना, मी किती करतो ते. ते म्हणाले, "तुम्ही किती करता ते तुमच्या पावत्या सांगतील. मी कुत्र्याबद्दल लिहितो." तीन वर्षांच्या औषधांच्या पावत्या, टीएलआयचा अहवाल, वहीच्या पानांच्या प्रती, सगळं तारखेने लावून एका फाइलीत घातलं. सोबत माझी दीड पानी कैफियत जोडली होती, "माझ्या भावना दुखावल्या" वगैरे. हिने ती काढून फाडली. बादलीबद्दल मात्र एक ओळ लिहिली: बाहेरची बादली अस्वच्छ होती, ती आता रोज घासली जाते. ही ओळ लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

नवव्या दिवशी तेच साहेब पुन्हा आले. या वेळी मी हसलो नाही, ओरडलोही नाही. जेवणाची वेळ होती, म्हणून म्हटलं, बघा तर खरं. मी खाणं तोललं, पावडर मोजली, कोमट पाणी घालून कालवलं, शिंकलो. वाघ्या दाराच्या चौकटीत थरथरत बसला होता; "घे" म्हटल्याशिवाय तो भांड्याला तोंड लावत नाही, ही शिस्त त्याला त्या भुकेतसुद्धा आहे. साहेब भिंतीला टेकून सगळं बघत होते. वाघ्याने भांडं चाटून लख्ख केलं आणि लगेच त्यांच्याकडे वळून तोच जुना उपाशी चेहरा केला. ते पहिल्यांदा हसले.

त्यांनी वही मागितली. पानं उलटली. अलीकडच्या लाल टिंबांवर थांबले, तेव्हा मी बिस्किटांचं सांगितलं, मुलाचं घर न सांगता. चार दिवसांनी टपालाने एका ओळीचा कागद आला: तक्रारीत तथ्य आढळले नाही, प्रकरण बंद. दिलगिरी वगैरे काही नाही. त्याची मला मध्येच आठवण येते आणि जीव जळतो. मग वाटतं, त्यांनी खोटं काय लिहिलं होतं? फासळ्या खऱ्या, भूक खरी, विष्ठा खरी, बादली तर शंभर टक्के खरी. असल्या रोजच्या फेऱ्यांत त्यांना साखळीला बांधून खरोखर मारलेली कुत्रीही दिसत असतील, आणि त्यांचे मालकही दारात असेच ओरडत असतील. पण हे समजूतदार विचार दिवसा येतात. रात्री मात्र तो दुसरा, मऊ आवाजातला कागद आठवतो. तो देणं मला अजून माफ करता येत नाही. घाबरलेल्या माणसापुढे तो तसा ठेवू नये.

त्या नवव्या दिवशी जाताना साहेब फाटकापाशी थांबले आणि त्या रक्ततपासणीचं नाव लिहून मागितलं. त्यांच्या निवाऱ्यात एक शेफर्ड मादी आहे म्हणे, उपासमारीच्या प्रकरणात आणलेली. महिनाभर भरपूर खातेय आणि वजन धरत नाही. मी त्यांच्याच क्लिपबोर्डवर टीएलआय लिहून दिलं, आणि रक्त उपाशीपोटी काढायचं हेही. पुढे काय झालं ते कळलं नाही. तिच्या मालकाचा विचार मात्र डोक्यातून जात नाही.

आता तुझ्याकडे येतो, कारण इतकं लांबण लावलं ते त्याचसाठी. तुझी मनी सोळा वर्षांची, तिची मूत्रपिंडं अधू, पाठीचा कणा हाताला लागतो. तू तिचं सगळं करतोस ते मला माहीत आहे, पण मला माहीत असून उपयोग नाही. ती खिडकीत बसते आणि खिडकी रस्त्यावर आहे. उद्या कोणी मानेची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती हळू खाली बसली, की लगेच पाणी कमी पडतंय असं लिहील. म्हाताऱ्या मांजराची कातडी तशीही सैल असते, त्या चाचणीवर तिच्या वयात भरवसा ठेवता येत नाही, हे कागदावर डॉक्टरांनीच सांगितलेलं बरं. तेव्हा तिच्या डॉक्टरांकडून आजच चार ओळी लिहून घे. पावत्या टाकून देऊ नकोस. आठवड्याला वजन कर: आधी तू एकटा काट्यावर, मग तिला घेऊन. मांजराच्या वजनात पाव किलोचा फरकसुद्धा मोठा असतो, म्हणून जमलं तर लहान मुलांचा काटा आण. आणि वही घाल. मला हसलास तेवढं पुरे.

या रविवारी फोन कर, उचलतो. वाघ्या परवा २८.९ भरला.

तुझा,
कुंडलीवाला

ता.क. बादली टाकून दे असं ही म्हणते. मी टाकलेली नाही. रोज सकाळी घासतो. आजही घासताना मान वर करून रस्त्याकडे बघितलं, कोणी उभं आहे का ते.